सारा कोणी ठरवायचा? लासुर्ण्याच्या बांधावरून विधानमंडळाची वाटचाल

सातबाऱ्यावर आकारणीचा एक रकाना असतो. रुपये-पैशांतली ती रक्कम आज इतकी किरकोळ झाली आहे की लासुर्ण्यात तिच्याकडे कोणी बघत नाही. तलाठ्याकडून उतारा घेताना आपली नजर क्षेत्रावर, फेरफारावर आणि बोजावर असते. पण महाराष्ट्र विधानमंडळाचा इतिहास आपल्या इंदापूर तालुक्यातून सांगायचा झाला तर त्याच रकान्यापासून सुरुवात करावी लागते. कारण विधानमंडळ ज्या घराण्यातले आहे, ती ब्रिटनची पार्लमेंट मोठी झाली तीच मुळी एका भांडणातून. रयतेकडून किती घ्यायचे आणि कोणाच्या संमतीने घ्यायचे, हे ते भांडण.

विलायतेत 1689 च्या हक्कांच्या सनदेने राजाला बजावले की पार्लमेंटच्या मंजुरीवाचून प्रजेकडून पैसा वसूल करता येणार नाही. पुढे तिथली सगळी राज्यपद्धती या एका खुंटीभोवती फिरत गेली. पैसा सभागृहाच्या हाती, म्हणून मंत्री सभागृहाला जबाबदार. सभागृहाचा विश्वास उडाला की मंत्रिमंडळाने पायउतार व्हायचे आणि राजाने मंत्र्यांच्याच सल्ल्याने चालायचे. यातले बरेचसे तिथे कुठल्या एका ग्रंथात लिहिलेले नाही, वहिवाटीने चालत आले आहे. तीच पद्धत आपल्याकडे आली, पण उलट्या क्रमाने आली. आधी कर आला, सभागृह फार मागाहून.

मुंबई इलाख्यात शास्त्रशुद्ध म्हणवल्या गेलेल्या जमीन मोजणीचा पाया घातला गेला तो इंदापूर तालुक्यात. पेशवाई गेल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात सारा ठरवून पाहिला. तो इतका जड निघाला की शेतकऱ्यांनी जमिनी पडीक टाकल्या. मग 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट हे दोघे इंदापुरात आले. शेताला नंबर, दगडी बांधखुणा, मातीची खोली आणि रंग पाहून तिची आणेवारीत प्रत आणि त्यावरून सारा, अशी त्यांची रीत होती. 1836 पासून दर लागू झाले आणि तीस वर्षे ते वाढणार नाहीत अशी हमी मिळाली. पुढे हीच रीत सबंध इलाख्यात गेली. या दोघांचे काम मी कमी लेखणार नाही. प्रिंगलच्या दरांपेक्षा त्यांचे दर सोसवणारे होते आणि पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली. पण ज्याच्या शेताची प्रत लावली जात होती त्याला त्या ठरावात बोलण्याची जागा कुठेच नव्हती. त्या काळी इलाख्यात तसे सभागृहच नव्हते.

सभागृह म्हणता येईल असे काही निघाले ते 1861 च्या कायद्याने. 22 जानेवारी 1862 रोजी मुंबईत टाऊन हॉलच्या इमारतीत गव्हर्नरच्या कायदे कौन्सिलची पहिली बैठक झाली. नेमलेल्या देशी सभासदांत जगन्नाथ शंकरशेट होते. या कौन्सिलला प्रश्न विचारता येत नव्हता की अंदाजपत्रकावर बोलता येत नव्हते. सरकारने मांडलेल्या कायद्यावर मत द्यायचे एवढेच तिचे काम. योगायोग असा की त्याच 1861 साली विलायतेत ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी लोकलेखा समिती नेमली गेली. तिकडे सभागृह दिडकीचा हिशेब मागत होते आणि इकडे सभासदाला तोंड उघडण्याची मुभा नव्हती.

याचे परिणाम आपल्या तालुक्याने लगेच भोगले. 1866 च्या सुमारास तीस वर्षांची हमी संपली आणि फेर आकारणीचा पहिला वरवंटा इंदापुरावरच फिरला. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेली तेजी तोवर ओसरली होती. तरी वाढीव दर बसवले गेले. सावकाराचे देणे, सरकारचा सारा आणि पडलेले भाव या तिहेरी कात्रीत माणदेशापासून भीमथडीपर्यंतचा शेतकरी सापडला. 1874 मध्ये सरकारने वाढीला मर्यादा घातली, सबंध तालुक्याला 33 टक्के, एका गावाला 66 आणि एका खातेदाराला 100. पण तोवर उशीर झाला होता. 12 मे 1875 रोजी बारामतीजवळच्या सुप्यात, बाजाराच्या दिवशी, लोकांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून कर्जरोखे जाळले. इतिहासात हेच दख्खनचे दंगे.

सुप्याची आठवण आपल्या भागात सावकाराविरुद्धचा उठाव म्हणून सांगतात, आणि ते खरेच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सारा वाढला तेव्हा दाद मागायला शेतकऱ्याला दारच नव्हते. मामलेदाराकडे अर्ज आणि कलेक्टराकडे अपील, म्हणजे ज्याने दर लावला त्याच्याच खात्याच्या पायऱ्या. हे पुण्यातल्या सार्वजनिक सभेने अचूक ओळखले. 2 एप्रिल 1870 रोजी स्थापन झालेल्या या सभेने गावोगाव शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली आणि 1875 मध्ये थेट ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज धाडला. हिंदुस्थानाला पार्लमेंटमध्ये प्रतिनिधी द्या, अशी ती मागणी होती. ती मान्य झाली नाही. पुढे 1892 मध्ये दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून कॉमन्स सभागृहात निवडून आले, पण ते तिथल्या मतदारांच्या मतांवर. सुप्याचा किंवा लासुर्ण्याचा मतदार तोवर जन्मलाच नव्हता.

1892 च्याच कायद्याने मुंबईच्या कौन्सिलचे दार किलकिले झाले. सभासदांना प्रश्न विचारता येऊ लागले आणि अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागले. मत मात्र देता येत नव्हते. काही जागा नगरपालिका, लोकल बोर्डे अशा संस्थांच्या शिफारशीने भरल्या जाऊ लागल्या. मध्य विभागातल्या लोकल बोर्डांच्या जागेवरून 1895 मध्ये बाळ गंगाधर टिळक कौन्सिलात गेले आणि 1899 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले. पुणे जिल्हा याच विभागात. इंदापूरच्या शेतकऱ्याचा आवाज गाळणीतून गाळून का होईना, पहिल्यांदा त्या दालनात पोहोचला.

ऑगस्ट 1901 मधला प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण विधानमंडळाच्या इतिहासात तो ठळक अक्षरांत असायला हवा. सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती विकता किंवा गहाण टाकता येणार नाही, अशी अट घालण्याचा अधिकार सरकारला हवा होता. सावकारापासून शेतकऱ्याला वाचवण्यासाठी हे आहे, असा युक्तिवाद होता. लोकप्रतिनिधींचे म्हणणे असे की शेतकरी बुडतो तो साऱ्याच्या ताठर वसुलीने, त्याचा विचार न करता त्याचा मालकी हक्क तेवढा काढून घेतला जात आहे. फिरोजशहा मेहता यांनी विधेयक लोकांच्या मतासाठी पुढे ढकलण्याची सूचना मांडली. सरकारी सभासदांच्या बहुमताने ती पडली. तेव्हा मेहता उठून बाहेर पडले, पाठोपाठ गोखले आणि आणखी काही सभासद गेले. विधेयक मंजूर झालेच. आज 'सभात्याग' हा शब्द आपण बातम्यांत रोज ऐकतो आणि त्याचे काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र मोजकी माणसे साम्राज्याच्या कौन्सिलातून बाहेर पडली ती शेतजमिनीच्या प्रश्नावर. पुढच्या काळातल्या कोणत्याही सभात्यागाला त्या मापाने मोजावे, असे मला मनापासून वाटते.

1919 च्या कायद्याने निवडून आलेल्या सभासदांचे बहुमत आले. पहिले अध्यक्ष सर नारायण चंदावरकर. पण मत कोणाला होते? आपल्या भागातल्या ग्रामीण मतदारसंघांत ज्याच्या जमिनीचा सारा निदान 32 रुपये, त्याला. म्हणजे विंगेटने मातीची जी प्रत लावली तीच मतदार ठरवू लागली. काळ्या, खोल, बागायती जमिनीच्या मालकाला मत आणि माळरानावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला नाही. भूमिहीनाचे तर नावच नको. 1921 मध्ये या कौन्सिलने ठराव करून स्त्रियांवरची मतदानाची बंदी उठवली, हे तिच्या श्रेयाचे. पण साऱ्याची अट स्त्रियांनाही होतीच.

राज्यकारभाराचेही दोन वाटे पाडले होते. शिक्षण, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती मंत्र्यांकडे आणि जमीन महसूल राखीव, म्हणजे गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. 1924 मध्ये कौन्सिलने ठराव केला की फेर आकारणी कायद्याने बांधून घ्यावी आणि तोवर नवे वाढीव दर लावू नयेत. सरकारवर तो ठराव बंधनकारक नव्हता. बारडोलीत वाढ झालीच आणि 1928 चा सत्याग्रह घडला. सभागृहाला जीभ होती, हात नव्हते.

हात मिळाले 1937 मध्ये. 1935 च्या कायद्याने मुंबई प्रांताला 175 सभासदांची विधानसभा आणि वरचे सभागृह म्हणून विधान परिषद मिळाली. मतासाठी साऱ्याची अट 8 रुपयांवर आली. निवडणुकीत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून दैनंदिन कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत असे आश्वासन मिळाल्याशिवाय सरकार बनवायला तो तयार होईना. तेव्हा 1 एप्रिलला साताऱ्याचे धनजीशा कूपर यांचे अल्पमतातले मंत्रिमंडळ बसवले गेले. ते सभागृहाला सामोरे जाऊ शकत नव्हते आणि गेलेही नाही. जुलैत बाळासाहेब खेर यांनी सूत्रे घेतली आणि 19 जुलै 1937 रोजी पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये पहिली विधानसभा भरली. बहुमत नसलेल्या सरकारला सभागृहापुढे उभे राहता येत नाही, हा वेस्टमिन्स्टरचा नियम आपल्या मातीत रुजला तो त्या चार महिन्यांत. अध्यक्षपदी गणेश वासुदेव मावळणकर निवडले गेले. हेच पुढे स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच पुण्याच्या अधिवेशनात 17 सप्टेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. सरकारी बाकांवर नसलेला सभासदही कायदा मांडू शकतो, हे सभागृहाने पाहिले.

आणि 1939 मध्ये जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती होऊन आकारणीची तत्त्वे कायद्यात आली. सारा कसा ठरवायचा हे अधिकाऱ्याच्या हुकमावर न राहता सभागृहाने केलेल्या कलमांवर आले. इंदापुरात 1836 मध्ये सुरू झालेला प्रश्न सभागृहाच्या हाती यायला 103 वर्षे लागली. कौन्सिल हॉलची 1870 ची इमारत अजून पुण्यात उभी आहे. आपल्याकडचे लोक बैठकांच्या, पाण्याच्या निमित्ताने तिथे जातात. गेलात तर क्षणभर थांबून ती पाहा.

स्वातंत्र्यानंतरचा भाग वाचकांना ओळखीचा आहे, म्हणून तो मी भराभर सांगतो. 1952 मध्ये साऱ्याची अट गेली. लासुर्ण्यातला बागायतदार आणि त्याच्या शेतावर खुरपणाऱ्या बाईचे मत सारखे झाले. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्याला मालक केले. 21 नोव्हेंबर 1955 रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी विधानसभेकडे निघालेल्या मोर्चावर मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. ज्या सभागृहाची मागणी लोकांनी केली त्याच्याच वाटेवर लोकांचे रक्त सांडले, हे डाग विधानमंडळाच्या इतिहासातून पुसता येत नाहीत आणि पुसू नयेत. 1 मे 1960 ला राज्य झाले, नोव्हेंबरात नागपूरला अधिवेशन भरले. 1981 च्या 19 एप्रिलला मुंबईत नव्या विधानभवनाचे उद्घाटन झाले. आज विधानसभेत 288 आणि परिषदेत 78 सभासद आहेत.

आपल्या परिसराला सर्वांत जवळचा कायदा म्हणजे 1961 चा कमाल जमीन धारणा कायदा. नीरा डाव्या कालव्याचे पाणी 1885 च्या सुमारास आले, त्यावर ऊस आला, उसावर वालचंदनगरचा कारखाना आणि त्याचे मळे उभे राहिले. त्यातल्या बऱ्याच जमिनी शेतकऱ्यांनी खंडाने दिलेल्या होत्या. कायद्यानंतर मळ्यांची जादा जमीन 1963 मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेली आणि खंडकरी शेतकरी आपल्याच जमिनीसाठी दोन पिढ्या भांडत राहिला. शेवटी या शतकात विधानमंडळाने कायद्यात दुरुस्त्या केल्या तेव्हा जमिनी परत मिळू लागल्या. सभागृहाने केलेली चूक सभागृहानेच दुरुस्त केली, पण ज्यांनी जमीन दिली होती त्यांतले किती तरी तोवर हयात नव्हते.

दुसरी गोष्ट विधान परिषदेची. वरचे सभागृह कशाला हवे, असे पुष्कळजण विचारतात. ब्रिटनमध्ये 1911 च्या कायद्याने उमरावांच्या सभागृहाला पैशाचे विधेयक महिनाभरापेक्षा अधिक अडवता येत नाही. आपल्या परिषदेला तर 14 दिवसच. पैशावर सत्ता खालच्या सभागृहाची, हे दोन्हीकडे सारखे. पण याच परिषदेचे सभापती असताना वि. स. पागे यांनी रोजगार हमी योजनेचा आग्रह धरला. तिचा पहिला प्रयोग सांगली जिल्ह्यातल्या त्यांच्या विसापूर गावी झाला. 1972 च्या दुष्काळाने तिची निकड सिद्ध केली. 1975 मध्ये नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून सभागृहाने तिच्यासाठी पैसा उभा केला, 1977 मध्ये कायदा झाला. मागेल त्याला काम हा हक्क ठरला. जिरायत पट्ट्यातल्या ज्या घरांनी त्या कामांवर दिवस काढले, त्यांना शहरातल्या पगारदाराच्या कराचा हा अर्थ समजतो. ज्या सभागृहाने एकेकाळी शेतजमिनीच्या प्रश्नावर सभात्याग पाहिला, त्याने एक कर लोकांच्या संमतीने बसवला आणि तो उपाशी माणसाच्या हाती दिला. माझ्या मते विधानमंडळाच्या इतिहासातले हे सर्वांत उजळ पान.

राहिला विश्वासाचा नियम. अविश्वास ठराव हा शब्द आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतो, कारण तो ग्रामपंचायतीत येतो. त्याचे मूळ लंडनमध्ये आहे. 28 मार्च 1979 च्या रात्री पंतप्रधान कॅलहन यांचे सरकार 311 विरुद्ध 310, अशा एका मताने पडले आणि त्यांनी निवडणूक पत्करली. त्याच्या आदल्या वर्षी आपल्याकडे वसंतदादा पाटील यांचे मंत्रिमंडळ अधिवेशन चालू असतानाच बहुमत गमावून बसले आणि बारामतीचे शरद पवार 18 जुलै 1978 रोजी 38 व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. 23 नोव्हेंबर 2019 च्या पहाटेच्या शपथविधीनंतर सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत सांगितले की बहुमत सभागृहातच, उघड मतदानाने दाखवा. त्याच दिवशी मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री यांचे राजीनामे आले. 2022 च्या जूनमध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी सभागृहाला सामोरे जाण्याआधी राजीनामा दिला. 11 मे 2023 च्या निकालात न्यायालयाने बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा ठरवला, पण ठाकरे चाचणीला उभेच राहिले नाहीत म्हणून त्यांचे सरकार परत आणता येणार नाही असेही सांगितले. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, आमदारांच्या गटाचा नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. ब्रिटनमध्ये पक्षादेश मोडणाऱ्या खासदाराला पक्ष शिक्षा करतो, त्याचे पद जात नाही. आपण 1985 मध्ये पक्षांतरबंदी आणून ते पदच पणाला लावले. त्याने पक्षांतर थांबले नाही, आमदाराचे स्वतंत्र मत मात्र थांबले. हे मी कोणत्याही पक्षाच्या बाजूने लिहीत नाही.

आणखी एका गोष्टीची खंत वाटते. ब्रिटनने 1937 पासून विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार दिला, कारण सरकारला प्रश्न विचारणे हेही राज्याचेच काम आहे असे मानले. तिथे सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा नेता तो मान घेतो, सदस्यसंख्येच्या दहा टक्क्यांची अट नाही. आपल्याकडे 2024 च्या निवडणुकीनंतर त्या अटीच्या वादात विधानसभेतले हे पद रिकामे राहिले. त्याआधी फेब्रुवारी 2021 ते जुलै 2022 अध्यक्षाची खुर्चीही रिकामी होती. इतक्या कष्टाने मिळालेल्या सभागृहातली आसने अशी मोकळी ठेवू नयेत.

इंदापूरने या सभागृहाला माणसेही दिली. आपल्या तालुक्याचे हर्षवर्धन पाटील राज्याचे संसदीय कार्यमंत्री होते आणि त्यांनी विधिमंडळाच्या आठवणींवर 'विधानगाथा' हे पुस्तक लिहिले. शेजारच्या अंथुर्ण्याचे दत्तात्रय भरणे 2014 पासून इंदापूरचे आमदार आहेत.

तारांकित प्रश्न, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा ही हत्यारे लंडनहून आली, लक्षवेधी सूचना मात्र इथलीच. ती चालवायला गावाकडून माहिती लागते. कालव्याच्या आवर्तनाला उशीर झाला, शाळेची खोली पडकी आहे, रस्त्याचा निधी कुठे गेला, हे ग्रामसभेत तोंडी बोलून घरी जाऊ नका. लेखी द्या, इतिवृत्तात नोंद करून घ्या, तिची प्रत आमदारांकडे पोहोचवा. विधानसभेचे कामकाज छापून निघते. आपल्या तालुक्याचा कोणता प्रश्न तिथे विचारला गेला आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिले, ते प्रत्येक अधिवेशनानंतर मागवून वाचा.